अक्षतंतूला वाट कोण दाखवतं? आसंजन रेणूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयात महिन्यातून एकदा गर्भातल्या मेंदूच्या घडणीवर गप्पा मारायला बसते. बारावीची मुलं येतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनी येतात, लग्न झालेली तरुण जोडपी येतात, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदारही येतात. नंतर चिठ्ठ्यांवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अवघड मागे. आजाराविषयीची उत्तरं समजून घेण्यापुरती आहेत. निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

१. अक्षतंतू म्हणजे काय? आणि त्याला वाट शोधायला का लागते, तो जागच्या जागी तयार का होत नाही?

चेतापेशीतून निघणारा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. पेशीचा निरोप तो दुसऱ्या पेशीपर्यंत किंवा स्नायूपर्यंत नेतो. मेरुरज्जूतल्या ज्या पेशी पायाच्या स्नायूंना हलवतात, त्यांचं शरीर पन्नासेक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं असतं आणि मोठ्या माणसात त्यांचा धागा जवळजवळ एक मीटर भरतो. पेशीला द्राक्षाच्या मण्याएवढं धरलं, तर धागा चारशे मीटरचा होईल.

पेशी जन्मते एका ठिकाणी आणि तिचं काम असतं दुसरीकडे, म्हणून धाग्याला प्रवास करावा लागतो. सुदैवाने हा प्रवास गर्भ अगदी लहान असताना सुरू होतो. तेव्हा अंतरं मिलिमीटरात मोजण्याइतकीच असतात. एकदा धागा मुक्कामी पोहोचला की अंग वाढेल तसा तोही ताणला जाऊन वाढतो.

२. माणसाच्या मेंदूत एवढ्या पेशी असतात, मग प्रत्येकीचा पत्ता जनुकांत लिहिलेला असतो का?

तेवढी जागाच नाही. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि प्रथिनं तयार करणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक धाग्याचा वेगळा पत्ता लिहिणं शक्य नाही. जनुकांत असतात ते वाटेतले नियम: अमुक पृष्ठभाग दिसला तर धर, तमुक वास आला तर मागे फिर, ही रेषा ओलांडलीस की आधीचा हात सोड. असे थोडे नियम वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी लागू झाले की एवढी मोठी जोडणी उभी राहते. या कामातला मोठा वाटा आसंजन रेणू उचलतात.

३. आसंजन रेणू म्हणजे पेशींमधला डिंकच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते सगळा गोंधळही याच शब्दापासून सुरू होतो. डिंकाने चिकटवलेला कागद तिथेच राहतो. धाग्याला मात्र पुढे जायचं असतं. म्हणून त्याला असं काहीतरी हवं असतं जे घट्ट धरेल आणि वेळ आली की सोडेलही. नुसतं चिकटलं तर धागा अडकेल, आणि अजिबात चिकटलं नाही तर त्याला रेटा मिळणार नाही.

आसंजन रेणू ही पेशीच्या पटलातून बाहेर डोकावणारी प्रथिनं आहेत. त्यांचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीला किंवा पेशींमधल्या जाळीला धरतं. आतलं टोक पेशीच्या सांगाड्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे पकड बसल्याची बातमी आत पोहोचते. म्हणजे हा हातही आहे आणि स्पर्श ओळखणारी त्वचाही.

चार नावं लक्षात ठेवा. एन-कॅम हा चेतापेशींवरचा पहिल्यांदा ओळखला गेलेला आसंजन रेणू. १९७० च्या दशकात जेरल्ड एडलमन यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला. एल-वन हा त्याच घराण्यातला, आणि आजारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा (प्रश्न १० पाहा). कॅडहेरिन कॅल्शियम असेल तरच धरतात. मासातोशी ताकेइची यांनी ते उलगडलं. चौथे इंटेग्रिन. हे बहुधा दुसऱ्या पेशीला न धरता पेशींबाहेरच्या जाळीतल्या लॅमिनिनसारख्या प्रथिनांना धरतात. पहिल्या तिन्हींत बहुधा सारख्याला सारखा धरतो: एका पेशीवरचा एन-कॅम दुसरीवरच्या एन-कॅमला. इंटेग्रिनचं तसं नाही.

४. धाग्याच्या टोकाला ना डोळे ना कान, मग तो पुढे सरकतो कसा?

टोकाला एक पसरट, सतत चुळबुळणारा पंजा असतो. त्याला ग्रोथ कोन म्हणतात, आपण वाढशंकू म्हणू. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मेरुरज्जूत तो पाहिला. त्यांच्यासमोर होत्या मृत, रंगवलेल्या ऊती, तरीही हे टोक जिवंतपणी वाट काढत पुढे जात असणार हे त्यांनी ताडलं. मला याचं दर वेळी नवल वाटतं. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला ऊतीचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि धागा वाढताना प्रत्यक्ष पाहिला.

वाढशंकूतून बारीक बोटं निघतात, चाचपतात, मागे येतात. त्यांच्या आत ॲक्टिन नावाच्या तंतूंचा पट्टा सतत टोकाकडून मागे सरकत असतो. इथे मला पावसाळ्यातला ट्रॅक्टर आठवतो. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं, इंजिन जोरात चालू असतं, गाडी मात्र हलत नाही. चाकाखाली दगड किंवा पोतं सरकवलं की तीच ताकद गाडीला पुढे नेते. बोटावरच्या आसंजन रेणूला बाहेर पकड मिळाली की तो मागे सरकणाऱ्या ॲक्टिनला अडकवतो. पट्ट्याचं मागे सरकणं तिथे मंदावतं आणि टोक पुढे जातं. शास्त्रज्ञ याला रेणूंचा क्लच म्हणतात. ज्या बाजूच्या बोटांना चांगली पकड, त्या बाजूला धागा वळतो. वाट दाखवणं म्हणजे बऱ्याच अंशी एवढंच आहे.

५. सगळे धागे आपापली वाट स्वतः शोधतात का?

नाही. आधी थोडे अग्रेसर धागे जातात. टोळाच्या गर्भात असे धागे वाटेतल्या ठरावीक पेशींना, जणू मैलाच्या दगडांना, शिवत पुढे जाताना स्पष्ट दिसतात. मागचे धागे त्यांच्याच अंगावरचे आसंजन रेणू धरून चालतात आणि जुडगा तयार होतो. सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत घरातली माणसं एकमेकांचा हात धरून चालतात, तसं.

६. जुडग्यात चिकटलेले धागे मग आपापल्या स्नायूकडे वेगळे कसे होतात?

एन-कॅमवर पॉलिसायलिक आम्ल नावाची साखरेची लांब साखळी चढवून. ती ऋणभारित असते आणि भरपूर पाणी धरून ठेवते. त्यामुळे दोन पेशींची पटलं दूर राहतात आणि पकड सैल पडते. कोंबडीच्या पिल्लाच्या पायाकडे जाणाऱ्या धाग्यांवरून ही साखर विकराने काढून टाकली, तेव्हा धागे जुडग्यातच अडकून राहिले आणि काही चुकीच्या स्नायूंकडे गेले.

गर्भात ही साखर भरपूर असते. मोठेपणी ती मेंदूच्या मोजक्याच भागांत उरते. रेणू तोच असतो, फक्त त्याच्यावरच्या साखरेने ठरतं की धरायचं की मोकळं सोडायचं.

७. डावा मेंदू उजवं अंग चालवतो. धागे मधली रेषा कशी ओलांडतात, आणि ओलांडून परत का येत नाहीत?

मला स्वतःला सर्वांत आवडणारा प्रश्न हा आहे, म्हणून उत्तरही जरा लांब.

मेरुरज्जूच्या मध्यरेषेवर फ्लोअर प्लेट नावाच्या पेशींची पट्टी असते. ती नेट्रिन नावाचं प्रथिन सोडते आणि काही धाग्यांना स्वतःकडे बोलावते. त्या धाग्यांवर ॲक्सोनिन-१ नावाचा आसंजन रेणू असतो आणि पट्टीवरच्या पेशींवर त्याला धरणारा एनआर-कॅम. ही जोडी जमली की धागा पट्टीत शिरतो. कोंबडीच्या गर्भात ती पकड मोडली, तेव्हा कित्येक धागे पट्टीत न शिरता काठानेच वळले.

पण पट्टी इतकी आवडली, तर धागा तिथेच का राहत नाही? कारण ओलांडताना त्याचं अंगच बदलतं. उंदराच्या जातीच्या प्राण्यांत ओलांडण्याआधी धाग्यावर टॅग-१ नावाचा आसंजन रेणू दिसतो आणि पलीकडे गेल्यावर त्याच धाग्यावर एल-वन. शिवाय पट्टी स्लिट नावाचं हुसकावणारं प्रथिनही सोडते. ते ओळखणारा रोबो हा ग्राहक (म्हणजे बाहेरचा संकेत पकडणारं पेशीवरचं प्रथिन) ओलांडण्याआधी दाबून ठेवलेला असतो आणि नंतर पृष्ठभागावर येतो. मग हीच पट्टी धाग्याला नकोशी होते. रोबो बिघडलेल्या फळमाशीत धागे मध्यरेषेवर गोल गोल फिरत राहतात. इंग्रजीत अशा चौकाला राउंडअबाउट म्हणतात, त्यावरून या जनुकाचं नाव पडलं. द्वारका चौकात रस्ता चुकून पुन्हा पुन्हा वळसा घालणाऱ्याला हे लगेच समजेल.

माणसात डीसीसी हा नेट्रिनचा ग्राहक बिघडला, तर काही जणांत आरसा-हालचाली दिसतात: उजव्या हाताने बटण लावताना डावा हातही आपोआप तशीच हालचाल करतो.

८. नेट्रिन हे नाव संस्कृतवरून आलं असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. १९९४ मध्ये हे प्रथिन वेगळं करणाऱ्या मार्क टेसिए-लव्हीन यांच्या गटाने 'नेतृ', म्हणजे नेणारा, या शब्दावरून ते ठेवलं. आपला 'नेता' तिथूनच आला. पण नेट्रिन हा आसंजन रेणू नव्हे. तो मुख्यतः दुरून बोलावणारा संकेत आहे आणि आसंजन हा हाताशी आलेला आधार.

दोघांचं नातं मात्र घट्ट आहे. बेडकाच्या डोळ्यातल्या धाग्यांना नेट्रिन एरवी ओढून घेतं. पण धागा लॅमिनिनवर उभा असेल तर तेच नेट्रिन त्याला दूर ढकलतं. हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. पायाखाली काय आहे, यावरून हाकेचा अर्थ बदलतो. परीक्षेत 'नेट्रिन आकर्षक असते' एवढंच लिहून सोडणाऱ्या मुलांनी हे उदाहरण जरूर जोडावं.

९. सारख्याला सारखा रेणू धरतो म्हणता, मग एकाच पेशीच्या फांद्या एकमेकींना चिकटून गुंता का होत नाही?

कारण काही रेणू एकमेकांना ओळखतात ते दूर होण्यासाठी. फळमाशीत डीस्कॅम-१ या एकाच जनुकातून ३८,०१६ वेगवेगळी रूपं तयार होऊ शकतात. प्रत्येक पेशीवर त्यांतली थोडीशीच, नशिबाने निवडलेली असतात. दोन फांद्यांवर सारखीच रूपं भेटली तर 'ही मीच आहे' हे कळतं आणि फांद्या बाजूला होतात. दुसऱ्या पेशीची फांदी आली तर रूपं जुळत नाहीत आणि दोघी एकमेकींवरून निघून जातात. आपल्यासारख्या पृष्ठवंशीयांत हे काम प्रामुख्याने प्रोटोकॅडहेरिन करतात. प्रश्न ३ मधला डिंक इथे पार गळून पडतो.

१०. सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यात पाणी आहे असं सांगितलं. हा एल-वनचा दोष असेल का?

असेलच असं नाही. डोक्यात पाणी साठण्याची कारणं बरीच आहेत: वाहण्याची वाट अरुंद असणं, मणक्यातली फट, संसर्ग, रक्तस्राव. एल-वन जनुकाचा दोष त्यांतलं एक कारण आहे आणि ते अंदाजे ३०,००० मुलग्यांमागे एकात आढळतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून त्रास बहुतेक मुलग्यांना होतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला ५० टक्के धोका असतो. तळहातात वळलेले अंगठे, पायांचा ताठरपणा, दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोझम पातळ किंवा नसलेला, ही त्याची इतर लक्षणं. कुटुंबात आईच्या बाजूला असे मुलगे झाले असतील तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

कॉर्पस कॅलोझम गर्भाच्या विसाव्या आठवड्यापर्यंत आकाराला येतो, त्यामुळे फार आधीच्या सोनोग्राफीत त्याविषयी ठाम सांगता येत नाही. पुढची पायरी म्हणजे जनुकीय समुपदेशन.

याला जोडून नेहमी विचारतात, 'मग मुलगा आहे का ते विचारू का?' नाही. लिंगाशी जोडलेल्या जनुकीय आजारांच्या निदानासाठी १९९४ च्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रात तपासणीला मुभा दिली आहे. गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं हा मात्र गुन्हाच आहे.

११. मग एक रेणू बिघडला की मेंदू बिघडलाच?

तसं असतं तर आपण कोणीच इथे नसतो. एन-कॅम पूर्ण काढून टाकलेले उंदीर जन्मतात, वाढतात, पिल्लंही देतात. त्यांच्या मेंदूतला वास ओळखणारा गड्डा लहान असतो आणि जागा लक्षात ठेवण्यात ते मागे पडतात. एका रेणूची उणीव दुसरे बऱ्यापैकी भरून काढतात. एल-वनची उणीव भरून निघत नाही, कारण त्याला दुहेरी काम आहे. तो स्वतः धरतो, आणि सेमाफोरिन या हुसकावणाऱ्या संकेताच्या ग्राहकालाही साथ देतो. एल-वन नसलेल्या उंदरांत मेंदूकडून मेरुरज्जूकडे उतरणारे कित्येक धागे ओलांडायच्या जागी चुकतात.

१२. फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी हे दोष टळतात का?

हे दोष नाही. मेंदू आणि मेरुरज्जू जिच्यातून घडतात ती चेतानलिका नीट बंद होण्यासाठी फोलिक ॲसिड लागतं आणि ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. धाग्यांचा मुख्य प्रवास त्यानंतरचा. म्हणून गोळ्या सोडायच्या असा अर्थ काढू नका. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि शक्यतो दिवस राहण्याच्या आधीपासून. पहिल्या बाळाला चेतानलिकेचा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात.

१३. नाशिकला वाइनचं गाव म्हणतात. गरोदरपणी अर्धा ग्लास चालेल ना, द्राक्षाचाच रस तर आहे?

नको. हे मी ठामपणे लिहिते आहे. रस आंबला की त्यात अल्कोहोल तयार होतं, आणि गर्भाला अल्कोहोल किती चालतं याची कोणतीही सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. माझ्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे: प्रयोगशाळेतल्या पेशींवर अल्कोहोलने एल-वनची पकड ढिली पडते, आणि तीही माफक पिण्याने रक्तात येणाऱ्या प्रमाणात. गर्भात अल्कोहोल पोहोचलेल्या बाळांतही काही वेळा कॉर्पस कॅलोझम पातळ किंवा नसलेला आढळतो, एल-वनच्या दोषासारखाच. हे साम्य पाहूनच संशोधक या रेणूकडे वळले. अल्कोहोल इतर अनेक मार्गांनीही इजा करतं. आपण बाग लावतो, घडांना जपतो, त्यांचा अभिमानही बाळगतो. या नऊ महिन्यांत ताजी द्राक्षं धुऊन खा.

१४. गर्भसंस्काराची गाणी ऐकली तर धागे नीट वाढतात का?

मुख्य वाटा आखण्याचं काम रेणूंचं आहे आणि बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागण्याच्या बरंच आधी ते सुरू झालेलं असतं. गाण्याने आईचं मन शांत होत असेल तर जरूर ऐका, तेही थोडं नाही. मात्र कुणी गाण्यांच्या नावाखाली बुद्धी वाढवण्याची हमी विकत असेल तर पैसे देऊ नका. अनुभवाचा खरा वाटा पुढे येतो, जोडण्या पक्क्या करण्यात आणि नको त्या काढण्यात (पुढचा प्रश्न पाहा).

१५. जास्तीचे धागे वाढले तर?

वाढतातच. उंदरांच्या पिल्लांत दृष्टीच्या भागातल्या काही पेशीही सुरुवातीला मेरुरज्जूपर्यंत धागा पाठवतात आणि नंतर तो मागे घेतात. बागाईतदारांना हे समजावावं लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी केली नाही तर मांडवावर नुसता पाला माजतो. फरक एवढाच की मेंदूत कात्री बाहेरून येत नाही. कोणत्या जोडण्या वापरात आहेत, त्यावर बरंच ठरतं.

१६. माझ्या भाच्याला वास येत नाही आणि सतरा वर्षांचा झाला तरी मिसरूड नाही. याचा धाग्यांशी काय संबंध?

असू शकतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. वयात आणणारी संप्रेरकं सुरू करणाऱ्या काही पेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या गर्भाच्या नाकात जन्मतात आणि वासाच्या धाग्यांच्या आधाराने मेंदूत चालत येतात. अनॉस्मिन-१ नावाचं पेशींबाहेरचं चिकट प्रथिन बिघडलं तर वासाचे धागे मेंदूत नीट पोहोचत नाहीत. वाटच नसल्यामुळे त्या पेशीही मागे अडकतात. म्हणून वास न येणं आणि वयात न येणं ही दोन लक्षणं एकत्र दिसतात. याला कालमान सिंड्रोम म्हणतात. संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे न्या. उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. मुलाला चिडवू नका, चिडवू देऊ नका.

१७. छाटणीच्या कात्रीने मनगटाची नस कापली, तिथली संवेदना परत आली. मग मणक्याला मार लागलेल्यांचे पाय परत का येत नाहीत?

हाताच्या चेतातंतूभोवती श्वान नावाच्या, धाग्याला आवरण घालणाऱ्या पेशी असतात. इजा झाली की त्या लॅमिनिन, एल-वन आणि एन-कॅम पुन्हा तयार करतात, म्हणजे गर्भातली वाट पुन्हा घालून देतात. त्यावरून धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर धरले तर सहा महिने लागतात. दोन महिन्यांत संवेदना आली नाही म्हणून टाके वाया गेले असं समजू नका.

मेरुरज्जूत उलट घडतं. तिथल्या धाग्यांवरच्या आवरणात नोगो आणि मॅग ही प्रथिनं वाढ रोखतात, आणि व्रणाची जाळीही आडवी येते. त्यातल्या मॅगची गोष्ट अजब आहे. तोही आसंजन रेणूच. कोवळ्या चेतापेशीला तो वाढायला मदत करतो, प्रौढ पेशीला थांबवतो. रेणू तोच असतो, फक्त पेशीचं वय बदललेलं असतं आणि त्याचं म्हणणं ती आता निराळं समजते. मेरुरज्जूच्या पेशीला मेरुरज्जूबाहेरच्या चेतातंतूचा तुकडा जोडून दिला, तर ती त्यात धागा वाढवते, हे १९८० च्या सुमारास आल्बेर आग्वायो यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे ताकद पेशीत उरलेली असते, तिला धरायला जागा मिळत नाही. आज जगभर चाललेलं बरंच संशोधन ती जागा परत कशी घालून द्यायची याचंच आहे. अजून रुग्णाला पायावर उभं करेल असा खात्रीचा उपचार त्यातून आलेला नाही. 'स्टेम सेलने हमखास चालायला लावतो' असं सांगणाऱ्याकडे शेत विकून जाऊ नका. त्या पैशांत चांगली फिजिओथेरपी, पाठीला जखमा न होऊ देणारी गादी आणि घरात व्हीलचेअर फिरेल असा उतार करून घ्या.